शजरा, वंशावळ आणि 1967 च्या आधीचा एक कागद

दहावी-बारावीचे निकाल लागले की वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीरच्या मोहल्ल्यांत एकच विचारपूस सुरू होते. आजोबांचा शाळेचा दाखला कुठं मिळेल?

अरबीत नसब म्हणजे बापाकडून चालत आलेला वंश. त्याची मांडणी म्हणजे शजरा, म्हणजेच झाड. सूरह हुजुरातच्या 13 व्या आयतीचा आशय असा की, कबिले आहेत ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून. अल्लाहजवळ इज्जत तकव्याची. तरी आपल्याकडे लग्न ठरवताना "आम्ही सय्यद, ते पिंजारी" हे चालतंच. ते बाजूला ठेवू.

सरकारला वंशावळ हवी असते ती वेगळ्या कामासाठी. बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा बिरादऱ्यांना ओबीसी दाखला घ्यायचा तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. छप्परबंद विमुक्त जातीत येतात, त्यांच्यासाठी तारीख 21 नोव्हेंबर 1961. सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच.

अडचण इथेच आहे. जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात जातीच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसतं "मुसलमान" लिहिलेलं सापडतं. धंदा कापूस पिंजायचा, पण नाव "शेख चांद वल्द शेख इमाम". पुढच्या पिढीत कुणी "शे." लिहिलं, कुणी "मन्सुरी" आडनाव लावलं. मेहबूबचा महेबूब झाला. माणूस एकच, कागदावर तिघं. म्हणून वंशावळीच्या शपथपत्रात नाव कागदावर जसं आहे तसंच लिहावं, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं वेगळं शपथपत्र जोडावं.

आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? मग चुलत आजोबा, चुलते, आत्या यांचे दाखले बघा. रक्ताचं नातं वडिलांकडून जुळलं पाहिजे, आईकडचा कागद सहसा चालत नाही. लग्न झालेल्या मुलीचाही पुरावा माहेरचाच. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जमिनीचे जुने कागदही उपयोगी पडतात.

आणखी एक. वाशीम 1905 पर्यंत वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता, मग अकोल्यात गेला आणि 1 जुलै 1998 ला पुन्हा वेगळा झाला. तहसीलमध्ये "रेकॉर्ड नाही" म्हणाले तर अकोल्याच्या अभिलेख कक्षातही अर्ज टाकून बघा. नोंद जुनी असेल तर मोडीत किंवा उर्दूत असू शकते; उर्दू वाचणारे मोहल्ल्यात अजून आहेत, मोडीचा जाणकार मात्र शोधावा लागेल.