ग्लामेगचा घसारा आणि हरकबीर थापा

नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड केला, त्या दिवशी घसारा उतरायला शिकलो. टाच रुतवायची, पायाखालचे दगड वाहू द्यायचे आणि त्यांच्याबरोबर आपणही वाहायचं. पुढे कधीतरी स्कॉटलंडच्या स्काय बेटावर अनवाणी धावलेल्या एका गुरखा सैनिकाबद्दल दोन ओळी वाचल्या. तेव्हापासून ते बेट डोक्यातून गेलेलं नाही.

स्काय 57 अंश उत्तर अक्षांशावर आहे, तरी अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे किनाऱ्यावर बर्फ फारसं टिकत नाही. टिकतो तो पाऊस. त्याचं कारण आपल्या ओळखीचं: समुद्रावरून आलेले ओले वारे डोंगराला धडकतात आणि वर चढताना रिते होतात. आपल्याकडे वारा ऋतूनुसार दिशा बदलतो आणि चार महिन्यांत पावसाळा उरकतो. तिथे पश्चिमेकडून वादळांची रांग वर्षभर चालू असते. कूलिन डोंगररांगेवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गेलिक भाषेत बेटाला ‘धुक्याचं बेट’ म्हणतात, आणि त्या धुक्यात होकायंत्राचाही भरवसा नाही, कारण कूलिनचा खडक चुंबकीय आहे.

उत्तरेचा ट्रॉटरनिश भाग पाहिला की सह्याद्रीच आठवतो. लाव्हाचे थर एकावर एक चढून पायऱ्या झालेल्या. आपल्या काळवत्री दगडाचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला 6 कोटींच्या आसपासचा. तिथे या जड थरांखाली जुरासिक काळातला कच्चा खडक आहे. तो भार पेलत नाही, म्हणून अख्खे कडे घसरतात; क्विरांगचा उतार आजही सरकतो आहे.

पण मन अडकतं ते बेटाच्या मध्यभागी. तिथे कूलिनचे काळे डोंगर गॅब्रो खडकाचे आणि तांबडे डोंगर ग्रॅनाइटचे, अगदी शेजारी शेजारी. आधीचा कोण, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन जड आणि आर्चिबाल्ड गायकी या भूवैज्ञानिकांत कडाक्याचं भांडण जुंपलं. जड म्हणत ग्रॅनाइट जुना. गायकी म्हणत तो नंतर घुसला. निकाल लावला आल्फ्रेड हार्करनं. 1895 ते 1901 या काळात त्यानं हे डोंगर पायाखाली घालून नकाशे काढले आणि गायकी बरोबर ठरले. वाद खुर्चीत बसून नव्हे, पावसात चालून मिटला, म्हणून हार्कर मला या तिघांत मोठा वाटतो.

याच वर्षांत, 1899 मध्ये, तो गुरखा सैनिक, हरकबीर थापा, तिथे आला. तो 1892 च्या काराकोरम मोहिमेत होता. त्याला स्कायला आणणारे चार्ल्स ब्रूस पुढे एव्हरेस्ट मोहिमांचे नेते झाले. स्लिगाखनच्या हॉटेलातून निघून 775 मीटर उंचीच्या ग्लामेगचं शिखर गाठायचं आणि परत यायचं, अशी ही धाव. आधी पाण्यानं फुगलेली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची दलदल, मग सरळ अंगावर येणारा चढ. ग्लामेग तांबड्या डोंगरांपैकी. काळ्या कूलिनचा गॅब्रो खरबरीत असतो, बोटं सोलवटतो, पण पकड देतो. तांबड्या डोंगरांचा दगड झिजून सुटतो आणि उतारभर घसारा पसरतो. चढताना एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली येतं.

हरकबीर धावून आला. स्थानिक जमीनदार मॅक्लाउड यांनी त्याची वेळ मान्य केली नाही. एवढ्या लवकर कुणी जाऊन येईल यावर त्यांचा विश्वासच बसेना. हे वाचताना आजही माझा संताप होतो. हरकबीर पुन्हा निघाला, अनवाणीच. वर पोचायला 37 मिनिटं, उतरायला 18. एकूण 55, म्हणजे पहिल्या खेपेपेक्षाही कमी.

ती 18 मिनिटं मी कितीदा तरी मनात उतरलो आहे. बूट घालूनसुद्धा आमचे घोटे सोलून निघायचे, आणि हा उघड्या तळव्यांनी ग्रॅनाइटच्या तीक्ष्ण कपच्यांबरोबर वाहत खाली आला.

1980 च्या दशकापर्यंत ही वेळ कुणालाही मोडता आली नाही. आता तिथे दर जुलैमध्ये त्याच्या आठवणीत शर्यत होते. धावणाऱ्यांच्या पायात बूट असतात.