चार माणसं, दोन नट

जुळी मुलं झाली आणि आईबापांनी दोघांचंही नाव अशोक ठेवलं. घरात आणखी एक जुळी जोडी आली, तर त्या दोघांचंही नाव बहादूर. कुठल्या शुद्धीवरच्या घरात असं करतील? पण गुलजारांचा ‘अंगूर’ सुरू झाला की ही थाप आपण मुकाट्याने गिळतो. ती एकदा गळ्याखाली उतरली की पुढचं सगळं कसं अगदी तर्काला धरून चालतं, आणि याच तर्काने चालण्यातून हसून हसून पुरेवाट होते.

ही थाप फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व काळात प्लॉटस नावाच्या रोमन नाटककाराने हरवलेल्या जुळ्या भावांवर ‘मेनेक्मी’ हे नाटक लिहिलं. त्याने निदान कारण तरी दिलं होतं: एक नातू हरवला, तेव्हा त्याच्या आठवणीसाठी आजोबांनी उरलेल्या नातवाचं नाव बदलून हरवलेल्याचंच ठेवलं. शेक्सपिअरने हीच गोष्ट ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’साठी उचलली, सारख्या नावाचं ते कारण तेवढं गाळून टाकलं आणि वर जुळ्या नोकरांची दुसरी जोडी घातली. दोघेही मालक अँटिफोलस, दोघेही नोकर ड्रोमिओ. खुलासा नाहीच. प्रेक्षकाला विचार करायला उसंतच मिळणार नाही, याची त्याला किती खात्री असेल!

या नाटकाच्या ज्या प्रयोगाची सर्वांत जुनी नोंद सापडते, तो २८ डिसेंबर १५९४ च्या रात्री लंडनच्या ग्रेज इनमध्ये झाला. हो, तीच वकिलांची संस्था, जिथून पुढे बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले. त्या रात्री दिवाणखान्यात पाहुण्यांची इतकी गर्दी आणि इतका गोंधळ उडाला, की तिथल्या मंडळींनी त्या रात्रीलाच ‘चुकांची रात्र’ असं नाव देऊन टाकलं. नाटकाचं नाव प्रेक्षागृहालाही लागू पडावं, असा योग क्वचितच जुळतो.

भारतात ही गोष्ट बंगालमार्गे रुळली. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८६९ मध्ये तिला ‘भ्रांतिविलास’ या नावाने बंगाली गद्यात आणलं. १९६३ मध्ये त्यावरून उत्तमकुमारचा सिनेमा आला. १९६८ मध्ये बिमल रॉय यांच्या संस्थेने किशोरकुमारला घेऊन ‘दो दूनी चार’ काढला. त्याचं लेखन गुलजारांचंच होतं, पण तो फारसा चालला नाही. गुलजारांच्या डोक्यातून मात्र ती गोष्ट गेली नाही. चौदा वर्षांनी स्वतः दिग्दर्शक होऊन त्यांनी ती पुन्हा मांडली, आणि या खेपेला हाताशी होते संजीवकुमार आणि देवेन वर्मा.

आता मूळ नाटकातली एक गाठ पाहा. सिराक्यूजचा अँटिफोलस आपल्या हरवलेल्या जुळ्या भावाला शोधायलाच तर बाहेर पडलेला असतो. एफिसस नावाच्या परक्या शहरात तो पाऊल ठेवतो, आणि ओळखपाळख नसलेली माणसं त्याला नावाने हाक मारतात, एक सोनार साखळी आणून हातात ठेवतो, एक बाई नवरा म्हणून जेवायला घरी ओढून नेते. एवढं होऊनही ‘माझ्यासारखाच दिसणारा कुणी इथं राहतो की काय’ हा विचार या पठ्ठ्याच्या मनाला शिवत नाही! शेक्सपिअरने त्यावर उतारा शोधला तो असा: एफिसस हे चेटूक-करणीसाठी बदनाम शहर. म्हणून प्रत्येक विचित्र घटनेचा दोष अँटिफोलस जादूटोण्यावर ढकलतो.

१९८२ च्या प्रेक्षकाला चेटकिणी कोण विकणार? गुलजारांनी केलेला बदल माझ्या मते या रूपांतरातला सर्वांत हुशार बदल आहे. त्यांचा पाहुणा अशोक येतो तो भावाला शोधायला नव्हे, तर द्राक्षाची बाग विकत घ्यायला. जवळ रोख रक्कम आहे आणि डोक्यात वाचून वाचून ठासून भरलेल्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या. त्यामुळे अनोळखी माणसाने नावाने हाक मारली, की त्याच्या लेखी त्याचा अर्थ एकच: ‘गँग’ला आपल्या पैशांचा सुगावा लागला. टॅक्सीवाला गँगचा, हार घेऊन येणारा माणूस गँगचा, आणि घरी चला म्हणून गळ घालणारी ती बाई तर गँगची म्होरकी! एफिससच्या करणीची जागा रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्याने घेतली. मूळ नाटकातली फटही आपोआप बुजली, कारण हा माणूस मूर्ख नाही. उलट तो सारखा डोकं चालवतोय. फक्त त्याच्या हाती लागलेला प्रत्येक पुरावा चुकीच्या खटल्यातला आहे.

नाटकातली एक गोष्ट सिनेमात नाही, आणि ती कळल्यापासून मला तिची चुटपुट लागून राहिली आहे. नाटकाच्या सुरुवातीला या भावांचा म्हातारा बाप एजिऑन एफिससमध्ये पकडला जातो. सूर्यास्तापर्यंत हजार मार्कांचा दंड भर, नाहीतर मरायला तयार हो, असा त्याला हुकूम होतो. पुढच्याच प्रवेशात त्याचा मुलगा त्याच गावात, त्याच दिवशी आपल्या नोकराच्या हाती खाणावळीत ठेवायला पैसे देतो. किती? हजार मार्क! बापाच्या जिवाची किंमत दिवसभर दोन गल्ल्या पलीकडे पडून असते आणि नाटकातल्या कुणालाही त्याचा पत्ता नसतो. शेक्सपिअर याकडे बोटही दाखवत नाही. दोन आकडे नुसते ठेवून देतो आणि विनोदाला लागतो. गुलजारांनी मृत्युदंडाची ही टांगती तलवार काढून टाकली. त्यामुळे ‘अंगूर’ जास्त मोकळेपणी हसतो हे खरं, पण नाटकातल्या हसण्याला जी एक बोचरी कड आहे ती गेली.

खरी गंमत मात्र नटांच्या हिशेबात आहे. रंगभूमीवर या नाटकातल्या जुळ्यांसाठी साधारणपणे चार नट लागतात. जुळे म्हणून उभे राहिले तरी ते एकमेकांसारखे हुबेहूब कुठून दिसणार? एक जरा उंच, एकाचं नाक वेगळं. तरीही प्रेक्षक मानून घेतो. म्हणजे नाटकात कोण कोण आहे हे आपल्याला दिसत असतं आणि पात्रं मात्र फसत असतात. सिनेमात हे सगळं उलटं होतं. दोन्ही अशोक म्हणजे संजीवकुमार, दोन्ही बहादूर म्हणजे देवेन वर्मा. आता फरक खरोखरच दिसत नाही. मिशीचा फरक किंवा गालावरचा तीळ असली हिंदी सिनेमाची नेहमीची सोयही नाही, कारण फरक आपल्याला दिसला तर बायकोलाही दिसला पाहिजे. पात्रांना कळता कामा नये आणि आपल्याला क्षणभरही शंका राहता कामा नये, अशी ही अट आहे. चेहरा, आवाज, अंग सगळं तेच असताना ती पाळायची कशी?

पाहुण्या अशोकला नीट न्याहाळा. मौशुमी चटर्जीची सुधा नवऱ्यावर रुसायला हक्काने जवळ येते, तेव्हा संजीवकुमारचं अख्खं शरीर आक्रसतं. नजर आधी दाराकडे जाते, मग खिडकीकडे, मग बहादूरकडे. भिडस्त माणूस परक्या बाईसमोर जसा अवघडतो तसा तो अवघडतो, आणि त्यातच जासूस असल्याचा आव आणतो. घरचा अशोक याच बायकोसमोर मुरलेल्या नवऱ्यासारखा वैतागतो, त्याची नजर कुठंही पळत नाही. एका माणसाला घर ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढाच फरक. चेहऱ्याच्या कातडीवर नसलेला तो फरक अंगाच्या बोलीत उतरतो. ‘कोशिश’, ‘मौसम’मध्ये गुलजारांनी याच नटाला रडवणाऱ्या भूमिका दिल्या होत्या. इथंही तो तितक्याच गांभीर्याने काम करतो, आणि म्हणूनच आपण हसतो.

देवेन वर्मांची तऱ्हा निराळी. ते मूळचे पुण्याच्या वाडिया कॉलेजचे विद्यार्थी आणि अखेरीसही पुणेकरच. त्यांचा मख्ख चेहरा या सिनेमाचा कणा आहे. बहादूर भज्यांच्या पिठात भांग कालवतो आणि घरातल्या बायकांना ती भजी खाऊ घालतो, ते इतक्या शांतपणे, की जणू ओवाच घातला. या भूमिकेसाठी त्यांना विनोदी अभिनयाचं फिल्मफेअर मिळालं. आपल्या पद्मा चव्हाणही यात आहेत. मूळ नाटकात गणिकेची जी जागा आहे, तिथं गुलजारांनी त्यांची अलका बसवली आहे.

संगणकाच्या आधी एका नटाला दोनदा एकाच चौकटीत आणायचं, तर काय करत? जॉर्ज मेलिएस नावाचा फ्रेंच जादूगार १८९८ मध्येच ही करामत करून बसला होता. आपलंच डोकं उपटून टेबलावर ठेवायचं, धडावर नवं उगवायचं, पुन्हा तेच. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायची ही युक्ती पुढे रुळली ती अशी: भिंगाचा अर्धा भाग काळ्या पट्टीने झाकायचा आणि उरलेल्या अर्ध्यात नटाने काम करायचं. मग फिल्म मागे गुंडाळून अगदी पहिल्याच जागी आणायची, झाकलेली बाजू उघडायची, उघडी झाकायची आणि नटाने दुसरा माणूस होऊन परत काम करायचं. यात कॅमेरा केसभर हलला तरी भिंत मधोमध तुटलेली दिसणार. दोन चित्रणांच्या मधे प्रकाश बदलला तर अर्धी खोली सकाळची आणि अर्धी दुपारची होणार. हात मधली रेघ ओलांडून गेला तर तो तिथंच कापला जाणार. म्हणून त्या रेघेवर दाराची चौकट नाहीतर पडद्याची कड आणून बसवायची रीत पडली. आणि नटाने काय करायचं? रिकाम्या हवेकडे बघून बोलायचं, स्वतःच्या अजून न बोललेल्या उत्तरासाठी नेमका तेवढाच थांबा सोडायचा, आणि नंतर दुसऱ्या बाजूने येऊन त्या थांब्यात आपलं वाक्य बसवायचं. बाकी वेळी पाठमोरा डमी उभा करून त्याच्या खांद्यावरून चित्रण उरकत.

एवढा खटाटोप सिनेमाभर कोण करणार? आणि इथंच चारशे वर्षांपूर्वीचा नाटककार कॅमेऱ्याच्या मदतीला धावतो. त्याच्या नाटकात जुळे भाऊ शेवटच्या प्रवेशापर्यंत समोरासमोर येतच नाहीत. त्याचं कारण साधं होतं: ते भेटले की गैरसमज मिटला आणि नाटक आटोपलं. पण सिनेमाच्या दृष्टीने ही म्हणजे लॉटरीच. एक अशोक दारातून बाहेर पडतो, दुसरा आत येतो, आणि चौकटीत दर वेळी संजीवकुमार एकच. रंगमंचावर चार माणसांना शेवटी एका रांगेत उभं करायला कष्ट पडत नाहीत, कारण ती चार माणसंच असतात. सिनेमात नेमकं तेवढंच महाग, आणि गोष्टीने ते आधीच अगदी शेवटासाठी राखून ठेवलेलं. पुढच्या वेळी ‘अंगूर’ लावाल तेव्हा दोन्ही अशोक समोरासमोर येतात त्या क्षणी त्यांच्याकडे पाहू नका. त्यांच्या मधे खांब, दार, पडदा असं काही उभं आहे का, ते शोधा.