पोर्ट लुईचा घाट

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, मॉरिशस नावाचे एक लहानसे बेट आहे. त्याच्या वायव्य किनाऱ्यावर पोर्ट लुई हे राजधानीचे नगर वसले आहे. मागे डोंगरांची रांग व पुढे निळा समुद्र, अशी त्याची रचना आहे.

ह्या बेटावर मूळची मनुष्यवस्ती नव्हती. १५९८ साली डच खलाशी येथे उतरले व त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटास मॉरिशस हे नाव दिले. १७१० साली ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला. १७३५ साली आलेल्या ला बुर्दोने ह्या गव्हर्नराने पोर्ट लुईला भरभराटीच्या बंदराचे रूप दिले. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकून घेतले. पूर्णा जंक्शनात उतारू जसे गाडी बदलण्यासाठी थांबतात, तशी युरोप व हिंदुस्थान यांमध्ये ये-जा करणारी जहाजे अन्नपाण्यासाठी येथे थांबत. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि ही वर्दळ ओसरली.

आज नगरात फिरणाऱ्या प्रवाशास ताडवृक्षांची रांग, ला बुर्दोनेचा पुतळा, जुना सरकारी वाडा व टेकडीवरील इंग्रजी किल्ला पाहून आनंद होतो. परंतु हे वैभव कोणाच्या श्रमांतून उभे राहिले? आफ्रिका व मादागास्कर येथून धरून आणलेल्या गुलामांनी येथील बांधकामे केली व उसाचे मळे पिकविले. १८३५ साली येथील गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना नुकसानभरपाई मिळाली. गुलामांच्या हाती मात्र काहीच पडले नाही.

मळ्यांना मजूर तर हवेच होते. म्हणून हिंदुस्थानातून करारावर माणसे नेण्याची पद्धत सुरू झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईस उतरले. करार पाच वर्षांचा आणि पगार महिना पाच रुपये असे. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. तरीही दुष्काळ व कर्ज यांनी गांजलेली माणसे निघतच राहिली. १९२० पर्यंत अशा जवळजवळ पाच लाख लोकांनी ह्या बंदरात पाय ठेवला.

ते ज्या ठिकाणी उतरत, त्यास आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. तेथे सोळा दगडी पायऱ्या आहेत. शेजारी १८४९ साली उभारलेल्या तळाच्या काही भिंती शिल्लक आहेत. २००६ साली युनेस्कोने ह्या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. नगरातील भव्य वाड्यांपुढे ह्या पायऱ्या अगदी साध्या दिसतात. पण बेटावरील बहुसंख्य लोकांचा इतिहास येथूनच सुरू होतो.

ह्या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली, प्रामुख्याने कोकणातील, मराठी माणसेही होती. त्यांनी आपला गणेशोत्सव व झाकरी हा लोकनृत्यप्रकार तेथे जपला. आज त्यांच्या वंशजांच्या घरी बहुधा क्रिओल भाषा बोलली जाते. तरी तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते व गणेश चतुर्थीस देशभर सुट्टी असते.

मजूर उतरला की त्याचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, जात व गाव यांची नोंद होई. पुढेपुढे छायाचित्रही घेतले जाऊ लागले. ही दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. कारकून परका, त्यामुळे कानावर पडेल तसे नाव तो रोमन लिपीत उतरवून घेई. आजोबाचे नाव हेच पुढे कित्येक घराण्यांचे आडनाव झाले. म्हणून आज एखादा वंशज आपले मूळ गाव शोधू लागला, तर त्या वेड्यावाकड्या अक्षरांतून त्याला कोकणातील एखादे खेडे ओळखून काढावे लागते. कधी ते सापडते, कधी सापडत नाही.

ज्यांच्या नावे पुतळे उभारले गेले, त्यांची माहिती प्रवाशास सहज मिळते. ज्यांच्या नावे दप्तरातील केवळ एक ओळ उरली, त्यांना जाणून घेण्यासाठी मात्र ती ओळ सावकाश वाचावी लागते. जुने नगर पाहणे म्हणजे ह्या दोहोंची दखल घेणे होय.