पाठवलं एक, पोचलं भलतंच

पीएचपीत लिहिलेला क्लायंट म्हणतो, मी नाव आणि रक्कम दोन्ही पाठवली. डॉटनेटमध्ये लिहिलेला सर्व्हर म्हणतो, माझ्याकडे रक्कम आलीच नाही. दोन्हीकडचे डेव्हलपर आपापला कोड उघडून दाखवतात, दोन्ही कोड बरोबर दिसतात, आणि ईमेलची टोलवाटोलवी आठवडाभर चालते. अशा वेळी बहुधा दोघेही खरंच बोलत असतात. एकाच्या लायब्ररीने जे लिहिलं आणि दुसऱ्याच्या लायब्ररीने जे वाचलं, त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी फरक पडलेला असतो, आणि तो फरक कुणाच्याच कोडमध्ये दिसत नाही.

कारण पीएचपीचा ॲरे किंवा डॉटनेटचा ऑब्जेक्ट नेटवर्कवरून जातच नाही. जातात ते फक्त बाइट. म्हणून दोन भाषांमधलं संभाषण बिघडलं की कोडवरून वाद घालणं थांबवायचं आणि प्रत्यक्ष गेलेले बाइट बघायचे. या लेखातलं बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं.

बघायचे कसे? सगळ्यात सोपा मार्ग ‘कर्ल’चा. कमांड लाइनवरून तीच रिक्वेस्ट बोलका पर्याय लावून पाठवली की गेलेले आणि आलेले सगळे हेडर समोर येतात. पण कर्लची रिक्वेस्ट चालली म्हणजे तुमच्या प्रोग्रामची रिक्वेस्टही तशीच जाते असं नव्हे, त्यामुळे प्रोग्रामने काय पाठवलं हेही पकडावं लागतं. सोप या एक्सएमएल-संदेशपद्धतीच्या पीएचपीतल्या क्लायंटला ‘ट्रेस’ चालू करायला सांगितलं की शेवटची रिक्वेस्ट आणि शेवटचा रिस्पॉन्स जसाच्या तसा मागून घेता येतो. फिडलर किंवा मिटमप्रॉक्सीसारखी प्रॉक्सी दोघांच्या मध्ये बसवून दोन्ही बाजूंची बोलणी वाचता येतात. वायरशार्क त्याहून खोल जातं, पण एचटीटीपीएस असेल तर किल्ल्या दिल्याशिवाय त्याला फक्त कूटबद्ध पॅकेट दिसतात. मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो उपाय साधा आहे: क्लायंटला खऱ्या सर्व्हरऐवजी आपल्याच मशीनवरचा एक छोटा प्रोग्राम दाखवायचा, जो काहीही न करता आलेलं सगळं फाइलमध्ये लिहून ठेवतो.

आता खालून वर जाऊ. रिक्वेस्ट मुळात पोचते का? इथे एरर नीट वाचला तर अर्धं काम होतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुधा मशीनपर्यंत आपण पोचलो, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत बसलेलं नाही. ‘टाइमआउट’ म्हणजे उत्तरच आलं नाही, आणि त्यामागे बऱ्याचदा फायरवॉल असते. नोडच्या १७व्या आवृत्तीपासून ‘लोकलहोस्ट’ या नावाचा आयपीव्ही६ पत्ता आधी वापरला जाऊ शकतो. सर्व्हर फक्त आयपीव्ही४वर ऐकत असेल, तर कालपर्यंत चालणारा कोड आवृत्ती बदलताच नकार खाऊ शकतो. १२७.०.०.१ असा आकड्यांत पत्ता लिहून पाहिला की लगेच कळतं.

मग येतं प्रमाणपत्र. ‘ब्राउझरमध्ये उघडतंय, पण जावातून नाही’ ही तक्रार नेहमीची आहे. जावा विश्वासू प्रमाणपत्रांचा स्वतःचा साठा बाळगतं, आणि पायथनची ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररीही ‘सर्टिफाय’ नावाच्या पॅकेजमधला वेगळा साठा वापरते. शिवाय सर्व्हरने मधलं प्रमाणपत्र पाठवलं नसेल तर अनेक ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात. जावा सहसा तसं करत नाही. अशा वेळी तपासणीच बंद करण्याचा सल्ला ठिकठिकाणी दिला जातो. तो मानू नये. तात्पुरती म्हणून बंद केलेली तपासणी वर्षानुवर्षं तशीच राहते आणि मध्ये कुणीही बसून वाचू शकतं. सर्व्हरकडून पूर्ण साखळी पाठवून घ्यावी.

रिक्वेस्ट पोचली, तर पुढे हेडर बघायचे. सगळ्यात जास्त वेळ खाणारा हेडर म्हणजे ‘कंटेंट टाइप’. पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये डिक्शनरी ‘डेटा’ या नावाने दिली तर ती वेब फॉर्मसारखी जाते. ‘जेसन’ या नावाने दिली तर जेसन म्हणून जाते. फरक एका शब्दाचा, पण सर्व्हर ४१५ किंवा ४०० देऊन मोकळा होतो. उलट बाजूला पीएचपी सर्व्हर असेल तर तो एररही देत नाही. पीएचपीचा ‘पोस्ट’ ॲरे फक्त फॉर्मच्या स्वरूपातल्या मजकुराने भरतो. जेसन आलं तर तो रिकामाच राहतो आणि मजकूर कच्च्या इनपुटमधून वेगळा वाचावा लागतो. ‘आम्ही पाठवलं’ आणि ‘आम्हाला रिकामं मिळालं’ या भांडणाचं मूळ अनेकदा एवढंच असतं.

दुसरी फसवणूक रीडायरेक्टची. क्लायंटमध्ये पत्ता साध्या एचटीटीपीचा राहिला आहे, सर्व्हर ३०१ देऊन एचटीटीपीएसकडे पाठवतो, आणि बरेच क्लायंट दुसऱ्या खेपेला ‘पोस्ट’चं ‘गेट’ करून बॉडी टाकून देतात. सर्व्हरच्या लॉगमध्ये गेट दिसतं, क्लायंटच्या कोडमध्ये पोस्ट लिहिलेलं असतं. ३०७ आणि ३०८ या कोडमध्ये पद्धत बदलायची नसते, पण मुळात पत्ताच सुधारावा हे उत्तम.

सोपबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण जुन्या एंटरप्राइझ यंत्रणांमध्ये ते अजून भेटतं. सोप १.१चा मसुदा मे २०००मध्ये डब्ल्यूथ्रीसीकडे दिला गेला, १.२ला जून २००३मध्ये शिफारशीचा दर्जा मिळाला. दोन्हींचं बाहेरचं पाकीट सारखं दिसतं, पण नेमस्पेस वेगळं आहे. १.१चा कंटेंट टाइप साधा टेक्स्ट-एक्सएमएल, १.२चा वेगळा, आणि कोणती क्रिया हवी हे सांगणारा सोपॲक्शन हेडर त्यातच सामावलेला. आवृत्ती चुकली की सर्व्हर मजकूर न वाचताच नकार देऊ शकतो.

आवृत्ती जुळली तरी काय होऊ शकतं, याचं जुनं आणि नमुनेदार उदाहरण म्हणजे पर्लचं सोप-लाइट आणि डॉटनेटचा सर्व्हर. सोप-लाइट सोपॲक्शन तयार करताना नेमस्पेस आणि मेथडचं नाव यांच्यामध्ये # हे चिन्ह घालतं. डॉटनेट तिथे / ची अपेक्षा करतं. सर्व्हर सांगतो, हा सोपॲक्शन मी ओळखत नाही. हा एरर चांगला, कारण तो बोलतो. पर्लच्या बाजूला जोडणारं चिन्ह बदललं की जातो. त्यानंतरची अडचण मात्र मुकी असते. कॉल यशस्वी होतो, २०० येतो, पण सर्व्हरला सगळे पॅरामीटर रिकामे मिळतात: नावाच्या जागी नल, रकमेच्या जागी शून्य. कारण डॉटनेटच्या स्कीमात आतला प्रत्येक एलिमेंटही नेमस्पेसमध्ये असावा लागतो, आणि सोप-लाइटने तो नेमस्पेसशिवाय लिहिलेला असतो. माणसाच्या डोळ्यांना ‘रक्कम’ तीच दिसते. पार्सरच्या लेखी मात्र ती नेमस्पेसमधली रक्कम आणि ही बिननेमस्पेसची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी. अनोळखी एलिमेंट दिसला की डॉटनेटचा सीरियलायझर तो गुपचूप सोडून देतो.

अशा गुपचूप सोडून देणाऱ्या लायब्ररींवर माझा राग आहे. शून्य रुपयांचा व्यवहार यशस्वी झाला असं सांगण्यापेक्षा मोठ्याने नापास होणारी सर्व्हिस शतपटीने बरी. तुम्ही सर्व्हर लिहीत असाल, तर आवश्यक फील्ड नसेल तेव्हा स्पष्ट एरर द्या.

ही दुखणी इतकी पसरली होती, की २००२मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन डब्ल्यूएस-आय ही संस्था फक्त भाषा-प्लॅटफॉर्मच्या मेळासाठी काढली. तिच्या बेसिक प्रोफाइलने सोपमधली ‘एन्कोडेड’ लेखनपद्धत बाद केली आणि ‘लिटरल’ राखली. जुन्या सर्व्हिसच्या डब्ल्यूएसडीएल फाइलमध्ये, म्हणजे तिच्या कराराच्या वर्णनात, ‘एन्कोडेड’ हा शब्द दिसला, तर पुढे त्रास आहे हे आधीच समजावं. आणि पीएचपीवाल्यांसाठी एक खास सूचना: पीएचपी डब्ल्यूएसडीएल फाइल साठवून ठेवतं, मूळ सेटिंगनुसार ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस. सर्व्हरने सकाळी बदल केला तरी क्लायंट उद्यापर्यंत जुन्याच कराराने बोलत राहू शकतो.

जेसन आलं आणि नेमस्पेसची कटकट गेली. पण जेसनमध्ये प्रकारच इतके कमी आहेत, की बाकीचा अर्थ प्रत्येक भाषा आपल्या समजुतीने भरते. आकड्यांचं बघा. जावाचा ‘लाँग’ ६४ बिटांचा असतो. जावास्क्रिप्टचा साधा आकडा ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ च्या पुढे पूर्णांक बिनचूक धरू शकत नाही. त्याहून दोनाने मोठा आयडी पाठवला तर तो ब्राउझरमध्ये पोचेपर्यंत एकाने कमी झालेला असतो, आणि एरर कुठेच नाही. ट्विटरने २०१०मध्ये मोठे आयडी आणताना तोच आयडी स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली, ती यामुळेच. आयडीवर बेरीज-वजाबाकी करायची नसते. तो स्ट्रिंगच असू द्यावा.

पीएचपीचा ॲरे यादीही असतो आणि नावा-मूल्यांचा कोशही. रिकामा ॲरे जेसनमध्ये यादी म्हणून लिहिला जातो, त्यामुळे जावाच्या बाजूला ऑब्जेक्टची वाट बघणारी जॅक्सन ही जेसन वाचणारी लायब्ररी अडखळते. याचं उलटही होतं: यादीतला मधला घटक गाळला की क्रमांकांत खंड पडतो, आणि पीएचपी त्याच यादीचा ऑब्जेक्ट करून पाठवतं. सर्व्हिस ‘कधी चालते, कधी नाही’ अशी तक्रार असेल, तर चाललेला आणि न चाललेला मजकूर शेजारी ठेवून कंसांचे आकार बघावेत.

तारखांची चूक आकड्यावरूनच ओळखता येते. पीएचपी आणि पायथन वेळ सेकंदांत मोजतात, जावा आणि जावास्क्रिप्ट मिलिसेकंदांत. १,७०,००,००,००० सेकंद म्हणजे नोव्हेंबर २०२३. तोच आकडा मिलिसेकंद समजला तर २० जानेवारी १९७० येते. स्क्रीनवर १९७० दिसलं की हजाराने गुणायचं राहिलं. जन्मतारीख एका दिवसाने मागे गेली, तर भारतातली मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशीची १८:३० झालेली असते. निव्वळ तारखेसाठी वेळ पाठवूच नये, आणि वेळ पाठवली तर तिच्यासोबत +०५:३० लिहावं.

आता आपल्या लिपीचा प्रश्न. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार युनिकोड चिन्हं आहेत. जावा, जावास्क्रिप्ट आणि पायथन त्याची लांबी ४ सांगतात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून पीएचपीचं साधं लांबी मोजणारं फंक्शन १२ सांगतं. एचटीटीपीच्या ‘कंटेंट लेंग्थ’मध्ये बाइट मोजायचे असतात. कुणी तो हेडर हाताने, चिन्हं मोजून भरला, तर सर्व्हर आठ बाइट आधीच वाचन थांबवतो आणि ‘जेसन अपुरं आहे’ म्हणतो. इंग्रजी नावांनी केलेली चाचणी मात्र पास होते, कारण तिथे एका अक्षराला एकच बाइट. ज्या सर्व्हिसमधून मराठी नावं जाणार, तिची चाचणी मराठी नावांनीच करावी.

त्यात ‘कऱ्हाड’ हे नाव मुद्दाम ठेवावं. त्यातला ऱ एकाच चिन्हाने लिहिता येतो, र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो, आणि र, हलन्त व न दिसणारा जोडक असाही टाइप होतो. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसू शकतात, बाइट मात्र वेगळे. युनिकोडचं सामान्यीकरण पहिले दोन एक करतं, तिसरा तसाच राहतो.

बाइटचा हा फरक सर्वांत महागात पडतो तो सहीच्या वेळी. पेमेंटच्या सूचना पाठवणाऱ्या सेवा मजकुरावर गुप्त किल्लीने सही करतात. घेणारा मजकूर जेसनमधून उलगडतो, पुन्हा जेसन करतो आणि सही पडताळतो, तर ती जुळत नाही. पायथन मूळ सेटिंगमध्ये स्वल्पविराम आणि अपूर्णविराम (:) यांच्यानंतर मोकळी जागा सोडतं, आणि देवनागरीचं सांकेतिक आकड्यांत रूपांतर करतं. पीएचपीही ते रूपांतर करतं आणि तिरक्या रेघेआधी उलटी रेघ घालतं. जावास्क्रिप्ट यातलं काहीच करत नाही. गो लघुतर-गुरुतर चिन्हं बदलतं. माहिती तीच, बाइट वेगळे, म्हणून सही वेगळी. सही नेहमी आलेल्या कच्च्या बॉडीवर, उलगडण्याआधी तपासायची.

शोधाची रीत सगळीकडे एकच ठेवावी. नक्की चालणारी एक रिक्वेस्ट मिळवा, कर्लची किंवा सर्व्हरच्याच भाषेत लिहिलेल्या क्लायंटची. न चालणारी तिच्या शेजारी ठेवा. मग चालणाऱ्या रिक्वेस्टमध्ये न चालणाऱ्या रिक्वेस्टमधला एकेक फरक आणा. ज्या बदलाने ती मोडते, तिथेच दोष आहे. एका वेळी एकच बदल करा, आणि दोन्ही टोकं एकदम बदलू नका.

आणि समोरच्या टीमला लिहाल तेव्हा ‘तुमची सर्व्हिस चालत नाही’ एवढंच लिहू नका. गेलेली कच्ची रिक्वेस्ट, आलेला कच्चा रिस्पॉन्स आणि टाइमझोनसह वेळ जोडा. पासवर्ड आणि टोकन मात्र पाठवण्याआधी झाका.