वाकडं पाऊल आणि ग्रहणाचा आळ

बाळ जन्माला आलं की आपण आधी काय बघतो? नाक कुणावर गेलं, रंग कुणाचा घेतला! दुपटं सोडून पावलं निरखणाऱ्या बायका थोड्याच. आणि एखाद्या बाळाचं पाऊल आत वळलेलं, टाच वर ओढलेली दिसली, की घरात पहिला प्रश्न येतो, ''ग्रहणात काय चिरलं होतंस गं?''

आमच्या सिडकोतल्या ओळखीच्या एका घरात हेच झालं. पहिलटकरीण पोर. सासूबाई बोलल्या, शेजारणी बोलल्या. ती बिचारी बाळाचा पाय दुपट्यात लपवायची. मैत्रिणींनो, मला राग येतो तो इथेच. ग्रहण, विळी, सुईदोरा यांचा या पायाशी काडीचा संबंध नाही. साधारण हजार बाळांमागे एकाला हा 'क्लबफूट' असतो. मुलींपेक्षा मुलांत दुपटीने, आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय तसे असतात. काही घराण्यांत तो पुन्हा पुन्हा दिसतो. पण आईच्या हातून घडलेलं काही नसतं त्यात.

दुसरी अडचण मालीशवालीची. ''तेल जिरवते, महिन्यात सरळ करते!'' मालीश जरूर करा, पण ओढाताण नको. पाऊल बोटाने हलकेच सहज सरळ होत असेल, तर ते पोटात अवघडल्यामुळे वळलेलं असू शकतं, आपोआप सुटतं. ताठ असेल, वळतच नसेल, तर तेलाने काही होत नाही, नुसते दिवस जातात. दोन्ही वेळा डॉक्टरांना दाखवायचंच.

यावरचा उपाय शोधला डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी. स्पेनमध्ये जन्मलेले, पुढे अमेरिकेत आयोवाला गेलेले. मोठ्या शस्त्रक्रिया केलेले पाय पुढे ताठर होतात, दुखतात, हे पाहून त्यांनी १९४० च्या दशकाअखेरीस हाताने हळूहळू वळवून प्लास्टर घालायची पद्धत बसवली. जगाने ती मनावर घ्यायला पुढची जवळपास पन्नास वर्षं लावली! त्यांचा वाढदिवस ३ जून हा आता जागतिक क्लबफूट दिन आहे.

दर आठवड्याला एक, अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं, मांडीपर्यंत. मग बहुतेक बाळांची टाचेमागची जाड शीर छोट्या छेदाने सैल करतात आणि तीन आठवडे शेवटचं प्लास्टर. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरू केलं तर उत्तम, पण उशीर झाला म्हणून घरी बसू नका. आपल्या घाटीत अस्थिव्यंगोपचार विभाग आहे. शिवाय २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, उपचार मोफत. कन्नड, सिल्लोड, वैजापूरकडच्या बायांनी आधी आशाताईला किंवा अंगणवाडीत दाखवावं, चिठ्ठी तिथून मिळते.

घरी रोज प्लास्टरमधून डोकावणारी बोटं बघायची. निळी, गार किंवा सुजलेली दिसली, किंवा आत सरकून दिसेनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना. अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.

खरी कसोटी मात्र पुढेच असते. पाऊल सरळ दिसतं, सगळे खूश, आणि मग येतात मध्ये दांडी असलेले बूट. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पहिल्या काही रात्री पोर रडतं. आजीचा जीव तुटतो, ती हळूच बूट काढते. पाऊल पुन्हा वळण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच. म्हणून बूट घ्यायला जाताना आजीलाही बरोबर न्या. डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलेलं तिला पटतं, सुनेचं पटेलच असं नाही!

आत सुती मोजे घाला, टाच बुटात नीट टेकलीय ना बघा, लाल वळ उठला तर डॉक्टरांना दाखवा. आणि दांडीला जुन्या साडीची जाड पट्टी गुंडाळा, म्हणजे बाळाला लागत नाही. तुम्हालाही!