शमाशच्या दारात कार्ल्याची आठवण

शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी असते. त्यामुळे बहिणीकडे गेलं की "आज कुठे?" हा प्रश्न आठवड्यातून तीनदा पडतो. मॉल झाले, खाडीतली अब्राची फेरी झाली. भाचीला गेल्या दिवाळीत कार्ल्याला नेलं होतं. तिनंच विचारलं, "मावशी, इथे नाहीत का गं तशी लेणी?"

नाहीत. अमिरातींच्या वाळूत बौद्ध स्तूप किंवा विहार सापडलेला नाही. पण कार्ल्याचा चैत्य कोरला गेला त्याच सुमारास इथे एक देऊळ नांदत होतं, नाणी पाडली जात होती, आणि आपल्या बाजूची गलबतं या आखातात ये-जा करत होती. भावोजींनी गाडी काढली.

सकाळी म्लेहा. शारजातून डोंगरांच्या दिशेनं निघालं की तासाभरात पोचतो. इथलं पुरातत्त्व केंद्र २०१६ साली उघडलं. इ.स.पू. २३००च्या आसपासच्या एका गोल थडग्याला वळसा घालून त्याची इमारत बांधली आहे. तिकीट काढलं की मार्गदर्शक मोठ्या चाकांच्या गाडीतून फिरवतो. जवळच्या फाया परिसराला जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथे माणसाच्या वावराच्या खुणा दोन लाख वर्षांपर्यंत मागे जातात. एवढे आकडे ऐकले की डोकं सुन्न होतं, म्हणून मी म्लेहाच्या किल्ल्यापाशी रेंगाळले. किल्ला म्हणा, वाडा म्हणा. मातीच्या विटांच्या उरलेल्या भिंती आहेत. पण या गावात नाणी पाडायचे दगडी साचे निघाले. ती नाणी सिकंदराच्या नाण्यांची नक्कल: एका बाजूला सिंहाचं कातडं पांघरलेलं हेराक्लीसचं डोकं, दुसऱ्या बाजूला बसलेला देव, आणि ग्रीक राजाच्या जागी अबिएल हे नाव, तेही अरमाईक लिपीत. ऱ्होड्स बेटावरच्या मद्यकुंभांचे शिक्के मारलेले कानही इथे मिळाले. पलीकडे उंटांच्या दफनभूमीत सोन्याच्या साजासकट पुरलेला एक घोडा सापडला. मालकामागून घोडा जायचा, ही कल्पना भाचीला अजिबात पटली नाही.

दुपारी उम्म अल क्वैन. हमरस्त्यापासून जवळच, खाडीकडच्या वाळूत अद-दूर पसरलं आहे. १९७३मध्ये एका इराकी पथकानं ही जागा हेरली. पुढे बेल्जियन, ब्रिटिश, डॅनिश आणि फ्रेंच अशा चार पथकांनी ती वाटून घेऊन खणली. देऊळ बेल्जियनांच्या वाट्याला आलं. इथे मार्गदर्शक नाही, तिकीट नाही. कुंपणाबाहेर उभं राहून बघायचं.

देऊळ केवढं? जेमतेम आठ मीटर बाय आठ मीटर, आपल्याकडच्या एखाद्या ग्रामदैवताच्या देवळाएवढं. समुद्रकाठच्या खडकाचे दगड, त्यावर जिप्समचा गिलावा. मुख्य दार पूर्वेला. दाराशी दगडी गरुड होते, बाहेर वेद्या आणि विहीर. एका दगडी कुंडावर अरमाईक लेख आहे. तो इतका झिजला आहे की त्यातलं एकच नाव नीट लागतं: शमाश, म्हणजे सूर्यदेव. पूर्वेच्या दाराचं कोडं तिथे सुटतं. काळ इसवी सनाचं पहिलं शतक.

त्याच शतकात एका अनाम ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' हे सागरी मार्गांचं टिपण लिहिलं. त्यात सोपारा आहे, चौल आहे, कल्याण आहे. कल्याणला ग्रीक जहाजांची कशी अडवणूक होते, हेही आहे. आणि ओमाना नावाचं एक बंदर आहे. भडोचहून तिथे मोठी जहाजं जात. त्यात तांबं असे, सागवानाचे वासे असत, शिसवी आणि आबनुसाचं लाकूड असे. परतीला मोती, खजूर, मद्य, सोनं आणि गुलाम. ओमाना म्हणजेच अद-दूर, असं अनेक संशोधक म्हणतात. काहींचं बोट पूर्व किनाऱ्यावरच्या दिब्ब्याकडे आहे. अद-दूरच्या उत्खननात रोमन काच निघाली आणि आपल्याकडच्या घडणीची रांधायची मडकीसुद्धा. रांधायची मडकी कोण कशाला विकायला नेईल? बहुधा रांधणारेच आले असावेत. हा माझा तर्क.

सागवान म्हटल्यावर भाचीनं फोन काढला आणि कार्ल्याचा फोटो दाखवला: चैत्याच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी. त्या सागवानी आहेत आणि दोन हजार वर्षं जागच्या जागी आहेत. इथल्या रखरखाटात वाशाएवढं झाड कुठून येणार? छपराला, जहाजाला लागणारं लाकूड समुद्रापलीकडूनच यायचं. तिकडे कार्ल्याचे काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेले आहेत, आणि कान्हेरीच्या लेखांत कल्याण-सोपाऱ्याचे दाते आहेत. मला हा व्यापार त्या दोन्हींतून एकदम दिसला.

मग या जहाजांवरून बुद्ध का नाही आला? आला, पण पुढे गेला. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात, इसिसच्या देवळात, संगमरवरी बुद्धमूर्ती सापडल्याचं २०२३मध्ये जाहीर झालं. येमेनजवळच्या सोकोत्रा बेटावर होक नावाची गुहा आहे. तिच्या भिंतींवर भारतीय खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी ब्राह्मीत आपली नावं खरडली आहेत, कुणी स्वतःला भडोचचा म्हणवतो, कुणी स्तूपाचं चित्र काढून ठेवतो. किल्ल्यांवर बदामात नावं कोरणाऱ्यांना हा फार जुना वारसा आहे.

उन्हं उतरता उतरता रास अल खैमाजवळ शिमलला पोचलो. टेकडीवर 'शेबाच्या राणीचा महाल' आहे. राणीचा काही संबंध नाही. वाडा मध्ययुगातला, जुल्फार बंदराच्या भरभराटीच्या काळातला. पायऱ्या चढून गेलं की पडक्या भिंती आणि कमानी छताचं पाण्याचं टाकं दिसतं. भग्नावशेष दिसला की लोक त्यात एखादा राजा नाही तर राणी आणून बसवतात. नालासोपाऱ्याचा स्तूपही असाच कैक वर्षं 'बुरुड राजाचा कोट' होता. १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा दगडी पेटीत करंडक निघाले, आणि भोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती.

भाची टाक्याच्या काठावर बसून ऐकत होती. "राणी खोटी," ती म्हणाली, "पण बुरुड राजा तरी होता का?"

"सोपाऱ्याला गेल्यावर विचारू," मी म्हटलं. भावोजी खाली गाडीचा हॉर्न वाजवत होते.