ओठ आधी, शब्द नंतर

हौशी शॉर्टफिल्मवाल्यांच्या घोळक्यात पाच मिनिटं उभं राहिलं की एक वाक्य कानावर पडतंच : "फुकटच्या सॉफ्टवेअरवर एडिट केलंय ना? मग सिंक जाणारच." म्हणणारा इतक्या खात्रीने म्हणतो की पुढे काही विचारायची सोय उरत नाही.

मीही एकेकाळी त्यावर मान डोलावली आहे. मी बँकेत नोकरी करतो आणि फिल्म रविवारी करतो. चौदा मिनिटांची फिल्म, दोन पात्रं, एक स्वयंपाकघर. आई आणि मुलाचं भांडण आम्ही सलग दहा मिनिटांच्या एकाच शॉटमध्ये मोबाइलवर घेतलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. टाइमलाइनवर टाळीला टाळी जुळवली, पहिलं मिनिट चोख. चौथ्या मिनिटाला डोळ्यांना काहीतरी खुपायला लागलं. नवव्या मिनिटाला आई तोंड मिटून पातेलं उचलते आणि मग तिचं वाक्य ऐकू येतं. कॅमेरा धरणारा मावसभाऊ म्हणाला, "दादा, कधीचा सांगतोय, पेडवाल्याचा क्रॅक टाक." क्रॅक टाकला नाही, पण ज्याच्याकडे रीतसर विकत घेतलेलं सॉफ्टवेअर होतं अशा मित्राकडे तोच शॉट घेऊन गेलो. तिथेही आई तोंड मिटूनच बोलत होती.

तेव्हा कुठे शोध सुरू झाला. वस्तुस्थिती अशी निघाली की सिंक टाइमलाइनवर बिघडलाच नव्हता. बिघाडाचं बी चित्रीकरणाच्या वेळी मोबाइलने स्वतःच पेरलं होतं.

मोबाइलवर आपण '३० फ्रेम्स' निवडतो आणि समजतो की तो सेकंदाला मोजून तीस चित्रं घेतोय. तसं होत नाही. स्वयंपाकघरात उजेड कमी पडला की प्रत्येक चित्राला जास्त वेळ प्रकाश मिळावा म्हणून मोबाइल वेग उतरवतो. तो तापला किंवा आतल्या कामाच्या ओझ्याखाली दबला, तरी एखादी फ्रेम गाळतो. म्हणजे कधी सेकंदाला ३०, कधी २९, कधी त्याहून कमी. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. नुसता व्हिडिओ बघताना काही बिघडत नाही, कारण प्रत्येक फ्रेमसोबत तिच्या वेळेची नोंद असते आणि प्लेअर ती नोंद पाळतो. एडिटिंगच्या टाइमलाइनला मात्र सारख्या अंतराच्या पट्टीची सवय. काही प्रोग्राम वेळेची नोंद वाचून चित्रं त्या पट्टीवर नीट बसवतात, काही एकच वेग धरून मोजत सुटतात.

हिशेब करून बघा. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. मोबाइलने सरासरी २९.९ फ्रेम्स घेतल्या तर एकूण १७,९४० चित्रं झाली. प्रोग्रामने ती ३०च्या वेगाने मांडली की ५९८ सेकंदांत संपली. आवाज मात्र पुरते ६०० सेकंद आहे. शेवटाला पोचेपर्यंत चित्र दोन सेकंद पुढे गेलेलं असतं : ओठ आधी, शब्द नंतर. ०.१ फ्रेमचा फरक, आणि आई तोंड मिटून बोलायला लागते.

फुकट आणि विकत यांचा इथे संबंध कुठे आला? व्यावसायिक सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं ठरलेल्या वेगाने चालणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी लिहिली गेली. मोबाइलची ही लहर सांभाळायची सोय त्यांनाही नंतर करावी लागली. अॅडॉबीच्या प्रीमियरमध्ये ती २०१८च्या आसपास आली. उलट शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअर अशी फाइल आत घेतानाच ओळखतात आणि 'एडिटिंगला सोयीची करून देऊ का?' असं विचारतात. आपण घाईत 'नको' वर क्लिक करतो आणि रात्री अकरा वाजता फुकट सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

विश्वास बसत नसेल तर मीडियाइन्फो नावाचा छोटा मोफत प्रोग्राम घ्या आणि मोबाइलची फाइल त्यात टाका. 'फ्रेमरेट मोड' समोर 'व्हेरिएबल' लिहिलेलं दिसेल. मग एडिटिंगला बसण्याआधीच हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल फिरवून घ्या, किंवा शॉटकटच्या त्या प्रश्नाला एकदा 'हो' म्हणा. अर्ध्या तासाचं काम. पुढच्या वेळी शक्य असेल तर ज्या कॅमेरा अॅपमध्ये वेग आणि शटर हाताने बांधता येतात त्यावर शूट करा. माझे या शोधात दोन रविवार गेले, आणि तिसऱ्या रविवारी चहाच्या टपरीवर पुन्हा तेच : "फुकटचं होतं ना?" कुणी ताप आलेल्या माणसाला थर्मामीटर बदलायला सांगावं, तसं वाटतं मला.

याच गैरसमजाचं धाकटं भावंड म्हणजे "मोफत सॉफ्टवेअर हँग होतं." होतं, खरंच होतं. पण का, ते बघू. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. समजा खातेवहीत फक्त एक तारखेला आरंभीची शिल्लक लिहिली आणि नंतर रोज केवळ जमा-नावे. एकोणीस तारखेची शिल्लक हवी असेल तर एक तारखेपासून बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. मोबाइल वापरतो त्या एच.२६४ आणि एचईव्हीसी या पद्धती साधारण अशाच चालतात. पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवायचं, मधल्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं तेवढंच. त्यामुळे फाइल लहान राहते, पण टाइमलाइनवर एक फ्रेम मागे जायचं म्हटलं की प्रोग्रामला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन सगळा हिशेब नव्याने करावा लागतो. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप हे करताना पंखा फिरवणार नाही तर काय करणार?

एडिटिंगसाठीच्या प्रोरेस, डीएनएक्सएचआर यांसारख्या पद्धतींत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, म्हणजे रोजची शिल्लक रोज लिहिलेली. वही अर्थातच जाड होते. आयफोनच्या सेटिंग्जमध्येच लिहिलेलं असतं की फुल एचडी, ३० फ्रेम्सचं एचईव्हीसी चित्रीकरण मिनिटाला साधारण ६० एमबी जागा घेतं, म्हणजे तासाला ३.६ जीबी. त्याच मापाच्या प्रोरेस ४२२ साठी अॅपलने दिलेला आकडा सेकंदाला १४७ मेगाबिट आहे, म्हणजे तासाला ६६ जीबीच्या आसपास. फाइल अठरापट झाली म्हणून घाबरून लोक ती पुसून टाकतात, "बिघडली" म्हणून. बिघडलेली नसते. एवढी जागा नसेल तर प्रॉक्सी वापरा : प्रोग्राम प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल बनवतो, आपण नकलेवर कापाकापी करतो आणि शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून होतो. केडेनलाइव्हमध्ये आहे, शॉटकटमध्ये आहे, दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही आहे. "प्रॉक्सी केली तर फिल्म धुरकट होते" हा त्यावरचा उपगैरसमज. एक्स्पोर्टला प्रॉक्सी वापरायची खूण तुम्हीच ठेवलीत तरच होते.

दाविंचीचं नाव आलंच आहे तर एक गोष्ट. लिनक्सवर मोफत दाविंची उतरवून घेतलं की मोबाइलची क्लिप उघडत नाही, आणि लोक "बग आहे" म्हणून तीनतीनदा इन्स्टॉल करत बसतात. बग नाही. ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीच्या, कोणते प्रकार चालतात त्या यादीतच लिहिलं आहे की लिनक्सच्या मोफत आवृत्तीत एच.२६४ चालत नाही. ही पद्धत पेटंटखाली आहे आणि तिचा परवाना घ्यावा लागतो. फाइल आधी डीएनएक्सएचआर करून घ्या, उघडेल.

इथे मराठीत एक सोय आहे ती वापरायला हवी. इंग्रजीत दोन अर्थ 'फ्री' या एका शब्दात कोंबलेले आहेत. आपल्याकडे 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन वेगळे शब्द आहेत. दाविंचीची साधी आवृत्ती मोफत आहे, मुक्त नाही. तिचा आतला कोड बघता येत नाही आणि काय द्यायचं, काय राखून ठेवायचं हे कंपनी ठरवते. केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट, ब्लेंडर ही मुक्तही आहेत आणि मोफतही. आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव छापणारं मोबाइल अॅप हे तर नुसता चाखायला दिलेला वानवळा. "फुकट म्हणजे वॉटरमार्क येणारच" हे मत बहुतेकदा या तिसऱ्या प्रकारावरून बनलेलं असतं.

टपरीवर ऐकू येणारी अशीच आणखी काही वाक्यं घेऊ. "मुक्त सॉफ्टवेअरवर केलेली फिल्म यूट्यूबवर टाकून पैसे कमावता येत नाहीत." येतात. अशा सॉफ्टवेअरचा जीपीएल परवाना त्याच्या कोडला लागू होतो, त्यावर बनवलेल्या फिल्मला नाही.

"महोत्सवाला चालत नाही." महोत्सवाला फाइल लागते, सॉफ्टवेअरची पावती नाही. थिएटरच्या प्रोजेक्टरसाठी लागणारं डीसीपीसुद्धा डीसीपी-ओ-मॅटिक या मुक्त प्रोग्रामने घरी बनवता येतं.

"नवीन आवृत्ती नसेल तर काही खरं नाही." २०१९चा 'पॅरासाइट' फायनल कट प्रो ७ वर संकलित झाला, जे अॅपलने २०११मध्येच बंद केलं होतं. त्याला संकलनासाठी ऑस्करचं नामांकनही होतं.

"मोफतमध्ये मोठं काम होत नाही." लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा 'फ्लो' ब्लेंडरमध्ये बनला आणि २०२५मध्ये सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर घेऊन गेला. (लगेच हात शिवशिवणाऱ्यांसाठी : तो अॅनिमेशनपट आहे, ब्लेंडर उतरवल्याने त्यातलं मांजर आपोआप चालायला लागत नाही.)

"ट्यूबलाइट लपलपते, एडिटरचा दोष." आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो, शटर १/५० किंवा १/१०० वर बांधा, लपलप शूटिंगमध्येच थांबते.

"प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर घेतली, आता कुठेही एडिट करू." प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. क्लिप्सचा आख्खा फोल्डर सोबत न्या.

"मराठी टायटल टाकलं की अक्षरं फुटतात." हे मात्र अर्धं खरं. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी जागेवर बसवायला अक्षरजुळणीचा वेगळा भाग लागतो आणि तो प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखा चांगला नसतो. केडेनलाइव्हच्या टायटलरमध्ये युनिकोड देवनागरी नीट बसते. कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं की आधी 'क्षितिज', 'ज्ञानेश्वर', 'सूर्यास्त' हे तीन शब्द टाइप करून बघावेत, म्हणजे फिल्मच्या पहिल्या खेळाच्या आदल्या रात्री रडावं लागत नाही. अर्धी तक्रार जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमुळे असते. त्यात टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर गेला की त्याचा कचरा होतो. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतात, तेच वापरा ना.

आता दुसरी बाजू, नाहीतर मला कुणी प्रचारक म्हणायचं. मुक्त सॉफ्टवेअर कोलमडतं, आणि नेमकं तासभराची मेहनत सेव्ह न करता बसलं असतानाच. मदत विचारायला फोन नंबर नसतो. काही मेनू कुणाच्या सोयीसाठी तिथे ठेवले आहेत, हे मला अजून उमगलेलं नाही. केडेनलाइव्हची टाइमलाइन २०१९मध्ये मुळापासून नव्याने लिहिली गेली आणि त्या पहिल्या आवृत्त्यांत भरपूर दोष होते. यावरचा उपाय क्रॅक नव्हे. चोरीच्या प्रतीसोबत आणखी काय आलंय हे कळायला मार्ग नसतो, आणि फिल्मच्या क्लिप्स सहसा त्याच डिस्कवर असतात. उपाय म्हणजे ऑटोसेव्ह दोन मिनिटांवर आणायचा आणि रोज रात्री प्रोजेक्ट नव्या नावाने सेव्ह करायचं.

राहिला एक गैरसमज, जो मी स्वतः दुसऱ्यांना ऐकवत असे : "आवाजाचं नंतर बघू, एडिटिंगमध्ये काढता येतो." बारीक, एकसारखी घरघर थोडीफार निघते, संवादावर चढलेला आवाज काढायला गेलं की संवादही सोलून निघतो. आमच्या त्या दहा मिनिटांच्या शॉटमध्ये पाचव्या मिनिटाला शेजारच्या काकूंचा मिक्सर सुरू होतो. फ्रेमरेट बांधल्यावर आईचे ओठ आणि शब्द एकदम जुळले. मिक्सरही आहे तिथेच, एका फ्रेमचाही फरक नाही.